चढ्या पट्टीचे कॉर्नेट

यंदाचा उन्हाळा आम्ही उभयतांनी आमच्या कन्येकडे यॉर्कशायरात घालविला. उन्हाळा म्हणावयाचे ते पंचांगाच्या भरवशावर. एरवी अंगावरची शाल सबंध तीन महिन्यांत चार दिवससुद्धा उतरली नाही. हॅलिफॅक्स शहराच्या आसपासचा हा मुलूख डोंगराळ आहे. खाली अरुंद दरी, दरीत कालवा व आगगाडीचा रूळ, आणि दोहो बाजूंस चढत गेलेली काळवंडलेल्या दगडांची घरे. हा दगड मुळात मधाच्या रंगाचा. गिरण्यांच्या धुराने शंभर वर्षांत तो असा काळा केला. धूर गेला, गिरण्याही गेल्या. धुराडी मात्र काही काही ठिकाणी अजून उभी आहेत. डोंगरमाथ्यावर झाड म्हणून नाही. सारा पिंगट गवताचा माळ आणि त्यात मेंढ्या. या मेंढ्यांच्या लोकरीवर ज्या शहराने आपले दैव घडविले, त्या हॅलिफॅक्सात १७७९ साली उघडलेली कापडाची पेठ अद्याप शाबूत आहे. चौकाभोवती मजल्यांवर मजले अशा तीनशेंहून अधिक खोल्या असलेली ती इमारत पाहून आम्हांस आपल्याकडील एखाद्या प्रचंड चौसोपी वाड्याची आठवण झाली.

पण आज सांगावयाचे आहे ते पेठेविषयी नव्हे, एका वाद्याविषयी.

या दऱ्याखोऱ्यांतून गावोगाव पितळी वाद्यांचे बँड आहेत. बँड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात, नाही तर लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जनाची मिरवणूक उभी राहते. येथील प्रकार निराळा. हे लोक खुर्च्यांवर अर्धवर्तुळ करून बसतात, पुढे कागद ठेवून वाजवितात, आणि त्यांतील पुष्कळसे दिवसभर शाळेत, दवाखान्यात किंवा दुकानात काम करून संध्याकाळी केवळ हौसेने जमतात. पंचवीस-तीस वादकांत दहाजण कॉर्नेटवाले. म्हणजे कॉर्नेट हा या मेळाचा गळाच होय. आमचा अकरा वर्षांचा नातू याच मेळाच्या बालवर्गात जातो. त्याचे वाद्य शाळेने उसने दिलेले. जुलैत वर्ष संपताच ते परत करावयाचे होते. तेव्हा त्याला आजोबांनी वाद्य घेऊन द्यावे असे ठरले. ठरले म्हणजे आम्हीच जाहीर केले.

येथे आमच्या एका समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. वाद्य जितके जुने तितके चांगले, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मिरजेचा जुना तंबोरा घ्या, जुनी जर्मन सुरांची पेटी घ्या. जाणकार मंडळी नव्याकडे ढुंकून पाहात नाहीत. तीच गोष्ट कॉर्नेटासही लागू असणार, यात आम्हांस तिळमात्र शंका नव्हती. कन्येने सुचविले, "बाबा, आधी त्याच्या शिक्षिकेला विचारू या." आम्ही म्हटले, "विचारायचे काय त्यात? पितळ आम्हांला कळते."

डोंगरावरच्या एका लहानशा गावी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. फुटक्या किटल्या, घड्याळे, कशिद्याच्या चौकटी, बिनदोरीच्या रॅकेटी यांच्या गर्दीत एका मेजावर काळी पेटी उघडी पडली होती, आणि आत निळ्या मखमलीवर ते कॉर्नेट निजले होते. चांदीचा मुलामा कडांवर उडून खालचे पितळ डोकावत होते. भोंग्यावर वेलबुट्टीत कोरलेली अक्षरे होती: 'बेसन आणि कंपनी', त्याखाली 'प्रोटोटाइप', त्याखाली '१९८, युस्टन रोड, लंडन', आणि भोवती पदकांची नक्षी. विकणारा साठीचा गृहस्थ मोठा सरळ होता. तो म्हणाला की, वाद्य एका घराच्या आवरासावरीत आले, आपणास वाजविता येत नाही, आणि म्हणून ते कसे बोलते हे आपण सांगू शकत नाही. हे वाक्य ऐकूनच खरे तर आम्ही सावध व्हावयाचे. परंतु सरळ माणसाच्या मालात खोट नसते असा उलटाच अर्थ आम्ही काढला.

पारख मात्र आम्ही यथासांग केली. आपल्या घरात पितळी भांडी पिढ्यान्‌पिढ्या वापरात असल्याने पोचा कोठे येतो, डाख कोठे सुटतो, फार घासल्याने पत्रा कोठे कागदासारखा होतो, हे सांगावयास तांबट आळीपर्यंत जावे लागत नाही. भांड्यावरील नाव पुसट झाले की समजावे, हात पुष्कळ फिरला. येथे अक्षरे ठसठशीत होती. अर्थात पत्रा जाड राहिला होता. वळणावर पोचे काढल्याच्या लहरी नव्हत्या. तिन्ही पिस्टन खाली जाऊन आपोआप वर येत होते, आणि त्यांच्यावरील एक, दोन, तीन हे आकडे आपापल्या घरांवरील आकड्यांशी जुळत होते. मधल्या पिस्टनच्या घरावर कारखान्याचा अनुक्रमांक होता. पेटीच्या मखमलीत दोन लांबट खळगे रिकामे दिसले. सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, ह्यात काय असायचं?" आम्ही म्हटले, "असेल काहीतरी तेलाची बाटली." एकशे तीस पौंड मोजून आम्ही विजयी मुद्रेने परतलो.

घरी नातवाने ते तोंडास लावले मात्र, सगळे घर भरून गेले. आवाज गोल, गडद, किंचित जुन्या अत्तरासारखा. ट्रम्पेट व कॉर्नेट यांत फरक काय असा प्रश्न आम्हांस नेहमी पडे; तो त्या क्षणी सुटला. नळीची लांबी दोहोंची सारखीच, सुमारे साडेचार फूट. पण ट्रम्पेटची नळी बरीच दूरपर्यंत सारख्या घेराची राहते, कॉर्नेटची मात्र आरंभापासून हळूहळू रुंदावत जाते आणि तिची वेटोळीही अधिक. म्हणून एक ललकारते, दुसरे बोलते.

कन्येच्या घरी पुण्याहून नेलेली पेटी आहे. रविवारी दोनचार मराठी कुटुंबे भजनास जमतात. सौभाग्यवती सहज पेटीवर बसल्या आणि त्यांनी नातवाबरोबर सूर धरला. धरला आणि सोडला. पुन्हा धरला. मग म्हणाल्या, "हे चढं बोलतंय. पेटीशी जमत नाही." कॉर्नेटाचा मोकळा स्वर पेटीच्या काळी पाचवर यावयास हवा, तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या ऐन मधोमध लटकत होता. आम्ही म्हटले की, पेटी समुद्रापलीकडून आलेली, हवा थंड, तिचेच सूर उतरले असतील. सौभाग्यवतींनी यावर काही उत्तर दिले नाही. पस्तीस वर्षे भजनी मंडळात सूर देणाऱ्या बाईस असले काही ऐकविण्याचे धाडस नवराच करू शकतो.

त्यापुढचे चार दिवस आम्ही भोंग्यावरील अक्षरांचा अभ्यास करण्यात घालविले, आणि प्रांजळपणे सांगावयाचे तर इतका आनंदाचा अभ्यास अलीकडे घडला नव्हता. कॉर्नेटाचा जन्म पॅरिसात १८२८ च्या सुमाराचा. टपालगाडीचा पुकारा करणाऱ्या वाटोळ्या शिंगास तेथील एका कारागिराने कळा बसविल्या आणि शिंग गाऊ लागले. १८३९ च्या सुमारास पेरिने नावाच्या दुसऱ्या कारागिराने आज दिसतात त्या पद्धतीचे पिस्टन तयार केले. बेसन हाही मूळचा पॅरिसचाच. अॅडॉल्फ साक्स (सॅक्सोफोनचा जनक तो हाच) याच्याशी त्याचे कोर्टकज्जे झाले, आणि पुढे लंडनला त्याच्या धंद्याचे मोठे ठाणे बसले. 'प्रोटोटाइप' हा शब्द त्याच्या अभिमानाचा. प्रत्येक नळी पोलादी साच्यावर घडवावयाची, म्हणजे एका मापाची शंभर वाद्ये हुबेहूब सारखी निघावी, ही त्याची युक्ती होती. पत्त्यावरूनही काळ कळतो. युस्टन रोड हे नावच १८५७ साली पडले, तेव्हा हा पत्ता मिरविणारे वाद्य त्याअगोदरचे असणे शक्य नाही. आणि १९४८ साली बेसनचा धंदा बूझी अँड हॉक्स यांच्या हाती गेला. हे बूझी व हॉक्स तरी आधी दोन निरनिराळे, एक रीजंट स्ट्रीटवरचा, दुसरा पिकॅडिलीजवळील डेन्मन स्ट्रीटवरचा. ते १९३० साली एक झाले. तेव्हा ज्या भोंग्यावर दोन्ही नावे जोडून येतात तो १९३० नंतरचा, हे डोळे मिटून सांगावे. मात्र पत्ता केवळ उंबरठा दाखवितो. नेमके साल सांगतो तो अनुक्रमांक. अनुक्रमांकांची कोष्टके अभ्यासकांनी जुळविली आहेत, व त्यांवरून आमचे कॉर्नेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातले ठरले. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमच्या आजोबांच्या मुंजीच्या वेळचे वाद्य नातवाच्या हाती!

गुरुवारी संध्याकाळी नातवाबरोबर आम्ही त्यांच्या तालमीस गेलो. तालीमघर म्हणजे एका जुन्या प्रार्थनामंदिराचा तळमजला. भिंतीवर ढाली, करंडक, आणि मिशाळ वादकांची जुनी छायाचित्रे. शिकविणाऱ्या बाई चाळिशीच्या, मोठ्या हसतमुख. त्यांनी वाद्य हाती घेतले, भोंगा वाचला, आणि त्यांचा चेहरा क्षणभर उजळून लगेच काळजीत पडला. मुले वाजवू लागली. एका ओळीतच आमचा नातू थांबला. दहा मुलांचा स्वर एका जागी आणि त्याचा एकट्याचा वर. शेजारच्या मुलीने त्याच्याकडे वळून पाहिले. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला, आणि कॉर्नेट मांडीवर ठेवून उरलेला तास तो पायांकडे पाहात बसला. आम्ही मागच्या बाकावर होतो. पारखीचा सारा अभिमान त्या तासात उतरला.

तालीम सुटल्यावर बाईंनी आम्हांस बसवून सारा प्रकार समजाविला. आज जगभर जो स्वर प्रमाण मानतात तो सेकंदास ४४० कंपनांचा. १९३९ साली लंडनला भरलेल्या परिषदेत तो ठरला. परंतु एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात स्वर चढत चढत ४५२ च्याही वर गेला होता. चढा स्वर अधिक झगझगीत वाटतो, हे त्याचे एक कारण. वाद्यवृंदांनी शतकाच्या अखेरीस तो उतरविण्यास आरंभ केला. लष्कराने १९२९ च्या सुमारास उतरविला. गावोगावचे पितळी बँड मात्र १९६० नंतरच्या दशकापर्यंत तेथेच चिकटून राहिले. यात हटवादापेक्षा दारिद्र्याचा भाग मोठा होता. एकट्याने वाद्य बदलून भागत नाही. बदलावयाचा तर सबंध संच बदलला पाहिजे, आणि खाणकामगारांच्या व गिरणीकामगारांच्या बँडाने तो पैसा कोठून आणावा? त्यांची वाद्ये आपसांत जुळत होती, तेवढे त्यांस पुरे होते.

आमचे कॉर्नेट अशा चढ्या पट्टीचे होते. पाव स्वराचा हा फरक नळीच्या लांबीत मोजला तर जेमतेम दीड इंच भरतो! बाईंनी सूर मिळविण्याची सरकती नळी पाऊण इंच बाहेर ओढून दाखविली; हवा त्या नळीतून जाते व परत येते, म्हणून पाऊण इंचाचा दीड इंच होतो. मोकळे स्वर जागेवर आले. पण पिस्टन दाबताच पुन्हा गडबड. कारण प्रत्येक पिस्टनची वेगळी नळी असते आणि तीही त्याच प्रमाणात आखूड. त्याही थोड्या थोड्या ओढता येतात, मुरलेला वादक कानाने व ओठाने उरलेले सावरून घेतो. कारागिराकडून साऱ्या नळ्या लांबवूनही मिळतात. परंतु अकरा वर्षांच्या मुलाचा कान अजून घडावयाचा असतो. तो अशा वाद्यावर घडला तर वाकडाच घडेल, असे त्या म्हणाल्या. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मखमलीतील रिकाम्या खळग्यांचाही उलगडा झाला. त्या काळी कॉर्नेटाबरोबर लहानमोठ्या सुट्या नळ्या देत. माउथपीसच्या खाली लांब नळी जोडली की सबंध वाद्य अर्ध्या स्वराने उतरे. आमच्या पेटीतून त्या हरवल्या होत्या. तेलाची बाटली!

मग बाईंनी वाद्य घेताना काय पाहावे ते सांगितले, आणि त्यातले आम्ही पाहिलेले फारच थोडे होते. पिस्टन न दाबता त्याची नळी झटकन उपसावी. बाटलीचे बूच निघाल्यासारखा 'टप' असा आवाज झाला तर आतील बंदिस्तपणा टिकून आहे, नाही झाला तर पिस्टन झिजून वारा गळतो. तोंडाजवळच्या नळीवर गुलाबी ठिपके शोधावे. पितळातील जस्त खाऊन जाऊन उरलेल्या तांब्याचे ते डाग असतात, आणि ते आतून बाहेर येतात. मुलाम्याच्या चकाकीस भुलू नये, कारण दुरुस्तीवर मुलामा चढविला की दुरुस्ती झाकते. आणि माउथपीस जुनाच हवा असा हट्ट धरू नये, पण तो कॉर्नेटाचाच आहे, ट्रम्पेटचा नव्हे, एवढे पाहावे. त्याचा दांडा अधिक बारीक असतो. आमचे कॉर्नेट या सर्व परीक्षांत उत्तम उतरले. वाद्यात खोट काहीच नव्हती. कोणाबरोबर वाजवावयाचे, एवढेच आम्ही विचारले नव्हते.

पुढच्या आठवड्यात आम्ही बसने क्वीन्सबरीस गेलो. हॅलिफॅक्सहून ब्रॅडफर्डकडे जाताना बस चढतच राहते, आणि हजार फुटांहून उंच अशा त्या गावात शिरताना वाऱ्याचा पहिला तडाखा तोंडावर बसतो. येथे जॉन फॉस्टर नामक गिरणीमालकाची काळ्या दगडाची अवाढव्य गिरणी आहे. अल्पाका व मोहेरची लोकर येथे विणली जाई. स्वतः वाद्य वाजविणाऱ्या या मालकाने १८५५ साली गावच्या बँडास वाद्ये व पोशाख घेऊन दिले, तोच जगद्विख्यात ब्लॅक डाइक बँड. गिरणी थांबून बरीच वर्षे झाली. बँड मात्र या गावातील जुन्या तालीमघरात तालीम करीत आला आहे. आम्हांस लालबाग-परळ आठवले. तेथेही गिरण्या गेल्या आणि भजनी मंडळे राहिली. फरक इतकाच की आपल्या कामगारांस पखवाज-टाळ कोणा मालकाने दिल्याचे ऐकिवात नाही. अर्थात येथील मालकांची उदारताही निव्वळ नव्हती. कामगार दारूच्या दुकानाऐवजी तालमीस गेलेला त्यांस परवडे. परंतु १८५३ पासून मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत भरू लागलेल्या स्पर्धांस हजारो कामगार आगगाड्या भरभरून जात, ते कोणी सांगितले म्हणून नव्हे.

परतीपूर्वी आठ दिवस लंडनास मुक्काम झाला. शहराच्या दक्षिणेस फॉरेस्ट हिल येथे टेकडीवर हॉर्निमन नावाचे संग्रहालय आहे. एका चहाच्या व्यापाऱ्याने लोकांस दिलेले. प्रवेशास दाम पडत नाही. तेथील वाद्यांच्या दालनात बूझी अँड हॉक्सचा सबंध संग्रह २००४ साली आला, आणि त्याबरोबर त्यांनी विकत घेतलेल्या जुन्या कारखान्यांच्या वह्याही आल्या. बेसनच्या वह्या त्यांतच आहेत. कोणत्या क्रमांकाचे वाद्य केव्हा पुरे झाले हे कारकुनांनी ओळीने लिहून ठेवले, म्हणूनच आमच्यासारख्या परदेशी म्हाताऱ्यास हॅलिफॅक्समध्ये बसून आपल्या कॉर्नेटाचे वय कळू शकले. काचेमागे मांडलेली आमच्या कॉर्नेटाची भावंडे आम्ही पुष्कळ वेळ पाहात उभे राहिलो. नातवाने मात्र विचारले, "आजोबा, ह्यांना कोणी वाजवत नाही का?"

त्याच्यासाठी बाईंनीच एक कॉर्नेट पाहून दिले. बूझी अँड हॉक्सचे, विद्यार्थ्यांसाठी बनविलेले, पट्टी उतरल्यानंतरच्या काळातले. लाखेचा रंग उडालेला, भोंग्यावर वेलबुट्टी नाही, पेटीचा एक कडा मोडका. किंमत आमच्या कॉर्नेटाच्या निम्मी. ते घेऊन तो तालमीस गेला आणि दहा मुलांत त्याचा आवाज आम्हांस वेगळा ओळखू आला नाही.

जुने कॉर्नेट परत विकावे असा विचार एकदा झाला. पण निघण्याच्या आदल्या रविवारी सौभाग्यवतींनी आपला विजेवर चालणारा तानपुरा काढला. त्याच्या एका बाजूस सूर बारीक बारीक चढविण्याची खुंटी असते. त्यांनी नातवास जुने कॉर्नेट घेऊन समोर बसविले, मोकळा स्वर लांब धरावयास सांगितला, आणि ती खुंटी हळूहळू फिरवीत काळी पाचवरून वर नेली. एका जागी दोन्ही आवाजांतील थरथर थांबली. "हं, आता हाच तुझा सा," त्या म्हणाल्या. पेटी त्या दिवशी कोपऱ्यात मिटूनच राहिली. नातू भूपाचे पाच स्वर एकेक करून वाजवीत गेला, चुकला तेथे आजी गाऊन दाखवी, आणि स्वयंपाकघरातून कन्या दोनदा हाक मारून गेली की जेवण निवते आहे.